'हायड्रोलाइज्ड' म्हणजे काय रे भाऊ?

काही शब्द आपल्या आयुष्यात लेबलच्या मागच्या बाजूने शिरतात. पुढे मोठ्ठ्या अक्षरांत 'सिल्की', 'ग्लो', 'पॉवर' असं काहीबाही असतं. खरा मामला मागे असतो, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात. गेल्या महिन्यात एका रविवारी मी हाच टाइमपास केला. आमच्या आणि समोरच्या फ्लॅटमधल्या जिमवाल्याच्या घरातल्या बाटल्या, पाकिटं आणि डबे उलटे करून वाचून काढले.

शाम्पूमध्ये हायड्रोलाइज्ड केराटिन. रूममेटच्या नाइट क्रीममध्ये हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन. सूपच्या पाकिटात हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन. जिमवाल्याच्या त्या ढोलासारख्या डब्यात हायड्रोलाइज्ड व्हे. आणि त्याच्या ताईने मागवलेल्या गुलाबी पावडरीत हायड्रोलाइज्ड कोलॅजन. म्हणजे केसांपासून पोटापर्यंत एकच शब्द! आणि हा शब्द ज्याच्यावर असतो, ती वस्तू शेजारच्या साध्या वस्तूपेक्षा बहुतेक वेळा महाग असते.

मग मी पब्लिकला विचारायला सुरुवात केली. रूममेट म्हणाली, "पाणी घातलेलं असणार गं. डायल्यूट करून विकतात, दुसरं काय!" जिमवाला म्हणाला, "फास्ट अ‍ॅब्सॉर्ब होतं, बॉस." ऑफिसमधली एक मुलगी तर एकदम कॉन्फिडंट होती. "मॉइश्चराइज्ड गं! मी पण रोज तीन लिटर पाणी पिऊन हायड्रोलाइज्ड असते."

बाई गं, तू हायड्रोलाइज्ड असतीस तर डेस्कवर नसतीस. एका बरणीत असतीस, पावडर किंवा सरबताच्या रूपात.

मोडा आणि वाटून घ्या

केमिस्ट्रीत एमएस्सी करून औषधांच्या एका लॅबमध्ये नोकरी करणारी माझी एक मैत्रीण आहे. मी मास कॉमवाली, त्यामुळे मला समजावताना ती नेहमी गोष्टीच्या फॉर्ममध्ये समजावते. "'हायड्रो' म्हणजे पाणी, 'लिसिस' म्हणजे सोडवणं, सैल करणं. दोन्ही ग्रीक. तुम्ही लोक दिवसभर अ‍ॅनालिसिस करता ना, त्यातलं 'लिसिस' तेच. डायलिसिस, पॅरालिसिसमधलंही तेच. हायड्रॉलिसिस म्हणजे पाण्याने केलेली सोडवणूक."

आता यातला फंडा नीट समजून घ्या. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

दोन रेणू एकमेकांना जोडले जातात तेव्हा बऱ्याचदा त्या जोडणीतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आपल्या शरीरातली प्रोटीन्स अशीच बनतात. अमिनो अ‍ॅसिडचा एक मणी, दुसरा मणी, प्रत्येक जोडणीला एक पाणी बाहेर. अशी शेकडो मण्यांची माळ. हायड्रॉलिसिस म्हणजे हीच फिल्म उलटी. पाण्याचा रेणू येतो, जोड तोडतो आणि तोडताना स्वतःही मोडतो. त्याचा एच एका तुकड्याला, उरलेला ओएच दुसऱ्या तुकड्याला. तुटलेली दोन्ही टोकं पाण्याचा एकेक वाटा घेऊन शांत होतात. पाणी खर्ची पडलेलं असतं. ते वाळवून परत मिळत नाही.

मराठी विश्वकोशाने याला 'जलीय विच्छेदन' म्हटलंय. पाठ्यपुस्तकी मराठीत 'जलअपघटन'. मला विश्वकोशाचा शब्द आवडतो. कारण जलअपघटन म्हटलं की वाटतं पाण्याचं अपघटन, म्हणजे पाण्यात वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करतात ते. ते इलेक्ट्रॉलिसिस, तिथे तोडते वीज. इथे तोडणारं पाणी आहे.

आता ज्या तीन शब्दांची आपण रोज मिसळ करतो, ते वेगळे करू. मीठ पाण्यात टाकलं, ते दिसेनासं झालं. हे विरघळणं. पाणी आटवा, मीठ परत हजर. साबुदाणा रात्री भिजत घातला, सकाळी टपोरा फुगला. हे पाणी शोषणं, म्हणजे हायड्रेशन. उन्हात वाळवा, पुन्हा कडक. पण साखरेच्या पाकात लिंबू पिळून तो उकळत ठेवलात, तर साखरेचे काही रेणू तुटतात आणि त्यांचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. आता कितीही आटवा, त्या रेणूंची मूळची साखर परत येणार नाही. हे हायड्रोलाइज होणं. म्हणून तर हलवाई पाकात लिंबू पिळतात. अशा पाकात साखरेचे खडे चटकन धरत नाहीत.

मग आपण अंघोळीत का तुटत नाही?

हा प्रश्न मी विचारलाच. आपण प्रोटीनचे, पाणी प्रोटीन तोडणारं, आणि मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा. आपण अजून एकसंध कसे?

मैत्रीण हसली. "कारण पाणी एकटं असलं की जाम आळशी असतं. साध्या पाण्यात, साध्या तापमानाला प्रोटीनचा एक जोड तुटायला शेकडो वर्षं लागू शकतात. त्याला कुणीतरी ढोसणारं लागतं. अ‍ॅसिड, अल्कली, उष्णता नाहीतर एन्झाइम."

हा ढोसणारा गडी आपल्या तोंडातच बसलेला आहे. उद्या कँटीनमध्ये करून बघा. पोळीचा एक घास भाजी न लावता तोंडात घ्या आणि न गिळता मिनिट-दोन मिनिटं चावत राहा. हळूहळू गोड लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम पोळीतल्या स्टार्चची लांब साखळी पाण्याच्या मदतीने तोडतं आणि त्यातून माल्टोज नावाची साखर सुटते. समोर बसलेला कलीग तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. त्यालाही चावायला लावा.

पुढे पोटात प्रोटीनचा नंबर, आतड्यात फॅटचा. दूध प्यायल्यावर ज्यांच्या पोटात गुडगुड होतं, त्यांच्याकडे लॅक्टेज नावाचं एन्झाइम कमी असतं. दुधातली साखर न तुटता तशीच पुढे जाते आणि मग तिथले बॅक्टेरिया पार्टी करतात. बाजारात लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, ते म्हणजे बहुतेक वेळा तीच साखर कारखान्यात एन्झाइमने आधीच तोडून दिलेली असते. म्हणून ते साध्या दुधापेक्षा थोडं गोडही लागतं.

थोडक्यात, आपण जे काही खातो त्याचं हायड्रॉलिसिस आपलं पोट करतंच, आणि त्याचे पैसे घेत नाही. डब्यावर 'हायड्रोलाइज्ड' लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की हे काम कुणीतरी आधी करून ठेवलंय. मग खरा प्रश्न उरतो तो हा, की त्याचा मला उपयोग काय?

जिम, ग्लो आणि हिरवी खूण

जिमवाल्यापासून सुरुवात करू. व्हे प्रोटीन तीन प्रकारांत मिळतं. कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट आणि हायड्रोलायझेट. किंमत साधारण याच क्रमाने चढत जाते. हायड्रोलायझेट थोडं लवकर रक्तात जातं, हे खरं. पण संध्याकाळी सातला जिम आणि नऊला जेवण करणाऱ्या, सोमवार ते शनिवार खुर्चीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या थोड्या मिनिटांचं काय लोणचं घालायचंय? शिवाय प्रोटीनचे बारीक तुकडे चवीला कडू असतात. म्हणूनच त्या डब्यात चॉकलेटचा एवढा मारा करावा लागतो.

शाम्पूतलं केराटिन बहुतेक लोकर, पिसं, शिंगं यातून येतं. अख्खं केराटिन पाण्यात विरघळतच नाही, म्हणून तोडून घालतात. छोटे तुकडे केसाला चिकटतात, काही थोडे आत शिरतात, केस मऊ वाटतो. पुढच्या काही धुण्यांत ते निघून जातं. म्हणजे ही फसवणूक नाही, पण 'रिपेअर' हा शब्द जरा जास्तच झाला. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याची जखम भरत नाही.

आणि कोलॅजन. हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर काहीतरी समुद्रकिनाऱ्यावरचं, स्पा-टाइप येतं. प्रत्यक्षात कोलॅजन म्हणजे जनावरांची कातडी, हाडं, नाहीतर माशांची कातडी आणि खवले. कोलॅजन गरम पाण्यात बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं. रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या पायाच्या सूपचा रस्सा थंड झाल्यावर थलथलतो, तो त्यामुळेच. तेच आणखी बारीक तोडलं की गुलाबी पावडर. प्यायल्यावर ती सरळ गालावर जाऊन बसत नाही. पोटात तिचे आणखी तुकडे होतात आणि शरीर ते हवे तिथे वापरतं. त्वचेत फरक पडल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांमागे ती पावडर विकणाऱ्यांचाच पैसा आहे.

जिमवाल्याची ताई सोमवार, चतुर्थी सगळं पाळते. अंड्याचा केक आणला तर वेगळी सुरी मागते. तिला मी हळूच डब्यावरची खूण दाखवली. हिरवी नव्हती. ती बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, पण त्यावर हायड्रोलाइज्ड लिहिलंय ना, मला वाटलं झाडपाल्याचं असेल!" शब्दाने तिला फसवलं नाही. शब्दाने फक्त तिचं लक्ष दुसरीकडे वळवलं. 'हायड्रोलाइज्ड' हे विशेषण आहे. नाम त्याच्या पुढे असतं, आणि विकत आपण नाम घेतो.

दोन मिनिटांचा गोंधळ

हा शब्द आपल्या देशात एकदा चांगलाच गाजलाय. २०१५ आठवतंय? मॅगी बंद झाली होती. हॉस्टेलांत अक्षरशः सुतक होतं. प्रकरण दोन गोष्टींचं होतं. एक शिसं, आणि दुसरं पाकिटावरचं 'नो अ‍ॅडेड एमएसजी'. तपासणीत ग्लुटामेट सापडलं, आणि लोक म्हणाले खोटं बोलतात. कंपनीचं म्हणणं असं, की आम्ही एमएसजी वरून घालत नाही. ग्लुटामेट येतं ते हायड्रोलाइज्ड शेंगदाणा प्रोटीन, कांदा पावडर आणि गव्हाच्या पिठातून.

केमिस्ट्री म्हणून हे बरोबर आहे. शेंगदाण्याच्या प्रोटीनच्या माळेत ग्लुटामिक अ‍ॅसिडचे भरपूर मणी असतात. माळ अख्खी असेपर्यंत जिभेला त्यांची चव लागत नाही. माळ तोडली की मणी सुटे होतात आणि तीच मांसल, चटपटीत चव येते, जी एमएसजीची असते. मंडळी, हा फंडा नवा नाही. नूडल्स जन्मायच्या कितीतरी आधी, १८८६ च्या सुमाराला, स्वित्झर्लंडमध्ये युलियुस मॅगी या गृहस्थाने वनस्पतींच्या प्रोटीनचं हायड्रॉलिसिस करून काळा, खारट सॉस विकायला काढला. मॅगी हे नाव मोठं झालं ते मुळात याच एका रिअ‍ॅक्शनवर.

पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. ज्या लॅबमध्ये तपासण्या झाल्या त्यांच्या मान्यतेवर कोर्टाने बोट ठेवलं आणि नव्याने तपासणी करायला लावली. नूडल्स परत आल्या. 'नो अ‍ॅडेड एमएसजी' मात्र पाकिटावरून गेलं. एमएसजी बेताने खाल्लं तर बहुतेकांना काही होत नाही, तो मुद्दाच वेगळा. मुद्दा असा की 'वरून घातलं नाही' आणि 'आत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांच्यामधली फट एका शब्दाएवढी होती, आणि तो शब्द होता हायड्रोलाइज्ड.

जपानी साबणाची गोष्ट

इथपर्यंत सगळं पैशाचं आणि चवीचं. पण मैत्रिणीने मला जी गोष्ट सांगितली आणि नंतर मी शोधून वाचली, त्यानंतर मी लेबलं टाइमपास म्हणून वाचणं सोडलं.

जपानमध्ये २००४ पासून एक फेस सोप जाम पॉप्युलर होता. नाव 'चा नो शिझुकु', म्हणजे चहाचे थेंब. मऊ फेस, छान सुगंध, लाखो बायका रोज वापरायच्या. फेस चांगला यावा आणि त्वचा ओलसर राहावी म्हणून त्यात हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन घातलेलं होतं. गहू! त्यात घाबरण्यासारखं काय?

मग डॉक्टरांकडे बायका यायला लागल्या. जन्मभर ब्रेड, नूडल्स खाल्लेल्या, कधीही काही त्रास नसलेल्या. आता जेवून थोडं चालल्या, धावल्या, घरकाम केलं की पापण्या सुजतात, अंगावर गांधी उठतात. काहींचा श्वास अडकायचा, काही बेशुद्ध पडायच्या. धागा सापडायला वेळ लागला. आजार पोटातून आलेलाच नव्हता. रोज चेहऱ्यावर चोळलेले गव्हाचे तुकडे त्वचेतून, डोळ्यांच्या आणि नाकाच्या आतल्या नाजूक भागातून शरीरात जात होते. शरीराने त्यांना शत्रू ठरवलं, आणि मग ताटातल्या गव्हालाही. २०११ मध्ये साबण बाजारातून परत मागवला गेला. २०१४ पर्यंत दोन हजारांहून जास्त लोकांना या साबणामुळे गव्हाची अ‍ॅलर्जी झाल्याचं नक्की झालं होतं.

आता यातली गोम बघा. तोडल्याने प्रोटीन निरुपद्रवी होतं असं आपण धरून चालतो. बारीक तोडलं तर ते बऱ्याचदा खरंही असतं. पण साबणातलं प्रोटीन अ‍ॅसिड आणि उष्णतेने अर्धवट तोडलेलं होतं. तुकडे मोठे राहिले, अ‍ॅसिडने त्यांचं रूपही थोडं बदललं, आणि शरीराला ते ओळखीचे वाटेनात. म्हणजे अख्खा गहू चालत होता, अर्धवट तोडलेला चालला नाही. २०१७ मध्ये युरोपीय संघाने नियम केला, की कॉस्मेटिक्समधल्या हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीनच्या तुकड्यांचं सरासरी वजन ३.५ किलोडाल्टनपेक्षा जास्त नको. साध्या भाषेत, तोडायचं तर नीट बारीक तोडा.

याचा अर्थ रूममेटचं क्रीम कचऱ्यात टाका असा नाही. पण लावल्यावर सतत खाज, पुरळ येत असेल तर 'स्किनला सवय होतेय' म्हणून दामटू नका. बंद करा आणि डॉक्टरांना ती बाटलीच नेऊन दाखवा.

'किती तोडलं' हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो तो तान्ह्या बाळांच्या बाबतीत. आपल्या वयाच्या ग्रुपमध्ये आता लग्नांनंतर बारशांचा सीझन सुरू झालाय, म्हणून सांगते. काही बाळांना गाईच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असते. वरचं दूध द्यावंच लागलं तर डॉक्टर तोडलेल्या प्रोटीनची पावडर लिहून देतात. तिचे दोन प्रकार असतात. एक 'पार्शली हायड्रोलाइज्ड', म्हणजे अर्धवट तोडलेली, आणि एक 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड', म्हणजे पुरेपूर तोडलेली. अ‍ॅलर्जी नक्की झालेल्या बाळाला पहिली चालत नाही. तिच्यात अ‍ॅलर्जी उठवण्याइतके मोठे तुकडे शिल्लक असतात. मेडिकलच्या काउंटरवर रात्री दहा वाजता, झोप न झालेल्या बाबाच्या हातात 'हायड्रोलाइज्ड' लिहिलेला कोणताही डबा ठेवला तर त्याला दोन्ही सारखेच वाटणार. तिथे चिठ्ठीवरचा पूर्ण शब्द आणि डब्यावरचा पूर्ण शब्द जुळवून बघायचा. फोनवर सांगताना तर अर्धा शब्द गिळूच नका.

घरात चाललेलं हळू हायड्रॉलिसिस

कारखान्यात मुद्दाम करतात ते एक. पण आपल्या घरातही, विशेषतः जून ते सप्टेंबर, ही रिअ‍ॅक्शन न विचारता चाललेली असते.

वापर नसलेले स्पोर्ट्स शूज दोन-तीन वर्षांनी कपाटातून काढले आणि चार पावलांत सोलचा भुगा झाला, असं तुमच्याही ओळखीत कुणाचं तरी झालं असेल. तो सोल पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्यातल्या एका प्रकाराचे जोड हवेतली वाफ हळूहळू तोडत असते. किसलेलं खोबरं राहिलं की कधीकधी साबणासारखं लागतं. खोबऱ्यातलं तेल पाण्याने तुटून लॉरिक अ‍ॅसिड सुटं होतं, ती ही चव. आपल्याकडे याला 'खवट' असा फर्स्टक्लास शब्द आहे.

आई-बाबांच्या लग्नाच्या निगेटिव्ह्ज एखाद्या बिस्किटाच्या डब्यात असतील तर तो डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचं अ‍ॅसिटेट तुटतंय आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड बाहेर पडतंय. ते अ‍ॅसिड पुढचं तुटणं आणखी फास्ट करतं, म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही. सिनेमावाले याला 'व्हिनेगर सिंड्रोम' म्हणतात. ट्रायअ‍ॅसिटेट फिल्म १९४८ मध्ये आली, आणि दहा वर्षांच्या आत ती सडत असल्याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली. कुणाकडून? भारत सरकारकडून. आपली हवाच तशी. तेव्हा या वीकेंडला त्या निगेटिव्ह्ज स्कॅन करून घ्या.

आणि हाच आंबट वास औषधाच्या डबीत आला तर? बायपासनंतर माझ्या बाबांना रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू आहे. आई व्यवस्थित बाई. महिन्याच्या सगळ्या गोळ्या पाकिटातून सोलून एका स्टीलच्या डबीत भरायची, डबी ओट्यावरच्या खिडकीत. पावसाळ्यात एकदा फोनवर सहज म्हणाली, "डबी उघडली की लोणच्यासारखा वास येतो गं."

मैत्रिणीला विचारलं तर ती एकदम सिरियस झाली. अ‍ॅस्पिरिन म्हणजे अ‍ॅसिटाइलसॅलिसिलिक अ‍ॅसिड. दमट हवेत त्याचा जोड तुटतो. एक तुकडा सॅलिसिलिक अ‍ॅसिड, दुसरा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगर. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं काम अख्खा रेणू करतो, तुटलेले तुकडे तसं करत नाहीत. गोळी दिसायला तीच, रंग तोच, फक्त काम करायला कमी अ‍ॅस्पिरिन उरलेलं.

आईला म्हटलं, "आई, त्या गोळ्या टाकून दे. आजच नवीन पाकीट आण आणि सोलू नकोस. रोज एकच फोड."

"अगं, वीस-बावीस गोळ्या आहेत अजून! एक्सपायरी पुढच्या वर्षीची आहे."

"ती तारीख बंद पाकिटाची असते, डबीची नाही."

आई दोन मिनिटं गप्प होती. गोळ्या टाकणं तिच्या जिवावर आलं होतं, ते मला कळत होतं. पण त्याच संध्याकाळी बाबा स्वतः जाऊन नवीन पाकीट घेऊन आले. डबीत आता लवंगा असतात.

तुमच्या घरी, पीजीमध्ये, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गोळ्या सुट्या करून ठेवल्या असतील, बाथरूमच्या कपाटात असतील, तर आजच बघा. औषधाला कोरडी जागा आणि स्वतःचं पाकीट लागतं. पाण्यात विरघळणारी गोळी ग्लासात टाकून मीटिंगला जाऊ नका. विरघळणं एका मिनिटात होतं, तुटणं त्यानंतर हळूहळू चालूच राहतं. लगेच पिऊन टाका.

तीन प्रश्न

तर मंडळी, शब्द आता आपल्या ताब्यात आहे. वापरताना एवढं सांभाळा. कपडे, त्वचा किंवा आपण स्वतः हायड्रोलाइज होत नाही, ओले होतो. साखर चहात हायड्रोलाइज होत नाही, विरघळते. हायड्रोलाइज होतो तो एखादा रेणू, आणि तो झाला की तो उरत नाही, त्याचे तुकडे उरतात. 'हायड्रोलाइज्ड' म्हणजे चांगलं नाही, वाईटही नाही. म्हणजे फक्त पाण्याने तोडलेलं.

लेबलवर हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारायचे. काय तोडलंय? म्हणजे गहू, शेंगदाणा, दूध की कातडी. किती तोडलंय? अर्धवट की पुरेपूर. आणि कुणासाठी तोडलंय? ज्या बाळाचं शरीर अख्खं प्रोटीन सहन करू शकत नाही त्याच्यासाठी, की ज्याचं पोट ठणठणीत आहे आणि पाकीट जाड आहे अशा माझ्या-तुमच्यासाठी?

पुढच्या वेळी मेडिकलवाल्या काकांना काउंटरवर हे तीन प्रश्न विचारून बघा. मागे लाइन असेल, काका वैतागतील, चष्मा कपाळावर चढवून डबा उलटा करतील. करू देत. मागची बाजू त्यांनीही बऱ्याच दिवसांत वाचली नसेल.